माळ्यावरच्या तबकड्या

आमच्या इब्रामपूरच्या घरात रेकॉर्ड प्लेअर आला तो 1972 सालच्या चतुर्थीला. अप्पाकाका मुंबईहून सावंतवाडीपर्यंत तो मांडीवर घेऊन एस.टी.नं आला होता. एचएमव्हीचा 'फिएस्टा'. झाकण लावलं की दिसायला थेट शिंप्याच्या पेटीसारखा, वर मूठ. विजेवर चालायचा, वीज नसेल तर सेलवर. आमच्या वाड्यावर वीज पावसाळ्यात चार चार दिवस गायब होई, त्यामुळे सेलच जास्त लागत. सेल संपत आले की गाणारी बाई हळूहळू पुरुषाच्या आवाजात गाऊ लागे आणि शेवटी पोटात कळ आल्यासारखी विव्हळून थांबे. आम्हां पोरांना तोच गाण्यातला सगळ्यात आवडीचा भाग वाटे.

मी तेव्हा चार वर्षांचा होतो, म्हणजे यातलं अर्धं मी पाहिलेलं आणि अर्धं ऐकलेलं. पण तबकड्यांची पेटी मात्र स्पष्ट आठवते. तिच्यात दोन कप्पे पडले होते. कुणी पाडले नव्हते, आपसूक पडले होते. पुढच्या बाजूला अभिषेकीबुवा, भीमसेनांचे अभंग, नाट्यगीतं. ह्या बाबांच्या. मागच्या बाजूला अप्पाकाकाच्या. त्यांच्या वेष्टनांवर रोमी अक्षरं, ट्रम्पेट हातात धरलेला माणूस, केस कापलेल्या बाया.

बाबा मराठी शाळेत मास्तर होते आणि भजनाला पेटी वाजवीत. सप्त्याला आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. धाकटा भाऊ मुंबईला फोर्टातल्या एका छापखान्यात कंपोझिटर. गिरगावातल्या चाळीत राहायचा. दोघांमध्ये आठ वर्षांचं अंतर, आणि अप्पाकाका सहसा दादासमोर मान वर करून बोलायचा नाही. फक्त रेकॉर्डींचा विषय निघाला की बोलायचा.

चर्चगेटजवळच्या ॲस्टोरिया हॉटेलात 'व्हेनिस' नावाची जागा होती. तिथं ख्रिस पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवी आणि लोर्ना गाई. आत जाऊन बसायची ऐपत कंपोझिटरची कुठली? अप्पाकाका सुटीच्या संध्याकाळी बाहेरच्या फुटपाथवर उभा राही. दार उघडलं की गाणं बाहेर येई, दार बंद झालं की जाई. 'असं दोन वर्षं मी लोर्नाला तुकड्यातुकड्यानं ऐकलं,' असं तो सांगे. मग तिच्या पंचेचाळीस आरपीएमच्या लहान तबकड्या निघू लागल्या, तेव्हा त्यानं पहिल्यांदा गाणी सबंध ऐकली. पेरी मडगावचा, लोर्नाचं घराणं सालगावचं. गाणी कोंकणी, पण बाज सगळा जॅझचा, लॅटिन नाचाचा, पॉपचा. त्या काळी असली चीज कोंकणीत कोणी केली नव्हती. पुष्कळ वर्षांनी तिचं मोल कळलं हे खरं, पण फुटपाथवरच्या त्या कंपोझिटरला ते तेव्हाच कळलं होतं.

आता घरातल्या भाषेविषयी दोन शब्द सांगायला हवेत. हा अंक वाचणाऱ्यांना ते नवीन नाही, कारण आपल्या सगळ्यांच्याच घरी थोड्याफार फरकानं हेच आहे. आमचा गाव पेडणे तालुक्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला. पलीकडे लगेच दोडामार्ग, म्हणजे महाराष्ट्र. जी नदी तिकडे तिळारी, तीच आमच्याकडे आल्यावर शापोरा होते. 1788 पर्यंत आम्ही सावंतवाडीकर भोसल्यांचे, मग पोर्तुगिजांचे, 1961 नंतर भारताचे. चुलीपाशी जे बोलतो ते पेडण्याकडचं. शुद्ध कोंकणीवाला त्याला मालवणी म्हणेल, मालवणी माणूस कोंकणी म्हणेल. आणि पाटी हातात घेतली की मराठी. आरती मराठी, पत्र मराठी, लग्नपत्रिका मराठी. यात काही विसंगती आहे हे आम्हांला कोणी सांगेपर्यंत ठाऊकही नव्हतं.

आजीला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून तिला रोमीची अडचण नव्हती. तिला त्या पेटीतलं 'बेबदो' फार आवडे. बेबदो म्हणजे दारुडा. आजोबांना मी पाहिलेलं नाही, पण ते त्या बाबतीत अभ्यासू होते असं ऐकलंय. दुपारी बाबा शाळेत गेले की आजी मला सांगे, 'तें बेबद्याचें लाय मरे.' मी लावी. ती भिंतीला पाठ टेकून, पदर तोंडाला लावून हसत असे. हसता हसता डोळे पुशी. मला वाटे, हसल्यामुळेच.

बाबांचा या गाण्यांना विरोध होता असं म्हणता येणार नाही. 'ती त्यांची गाणी' एवढंच ते म्हणत. त्यांची म्हणजे ख्रिस्तांवांची, सासष्टीची, मुंबईच्या क्लबांतली. अप्पाकाका एकदा म्हणाला होता, 'दादा, तुला शंकर-जयकिशनची गाणी आवडतात ना? त्यातली व्हायोलिनं लिहिणारा सॅबॅस्टियन डिसोझा गोंयकारच. त्या अँथनी गोन्साल्विसचं गाव माजोर्डा.' बाबा म्हणाले, 'ते नोकरीचं काम. हे घरचं.' या उत्तराचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, पण त्यात काहीतरी होतं.

1983 च्या चतुर्थीला अप्पाकाकानं एक मोठी एलपी आणली. ऱ्हिदम हाउसमधून पंचेचाळीस रुपयांना घेतलेली. त्याची महिन्याची खोलीभाड्याची रक्कम याहून कमी होती, असं काकी पुढे कितीतरी वर्षं ऐकवत असे. चरणजित सिंग नावाच्या वादकानं आदल्या साली केलेली ती तबकडी होती. दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर. गृहस्थ हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे. 'कुर्बानी' 1980 साली येऊन गेला होता, 'डिस्को डान्सर' नुकताच आला होता, गणपतीपुढंही डिस्को वाजत होतं. तेव्हा ह्यांनी म्हटलं, आपणही करू, पण राग घेऊन. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. अप्पाकाकाचा डाव उघड होता. पेटीच्या दोन कप्प्यांमधली ही तबकडी; राग दादाचे, ठेका आपला. दादाला आवडेलच.

आरत्या झाल्यावर रात्री ती लावली. माटोळीखाली सगळे बसलेले. आधी यंत्राचा ठोका, एकसारखा, जराही न चुकणारा. मग खालून बुडबुड्यांसारखा एक आवाज वर आला, वळवळत, चिखलातून मासा निघावा तसा, आणि त्यावर भैरव. बायका हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, पाण्याचा पंप बिघडलाय. बाबा हसले नाहीत. त्यांनी एक बाजू पूर्ण ऐकली, सुई उचलेपर्यंत. मग म्हणाले, 'ललत चुकला नाही. दोन्ही मध्यम जागेवर आहेत. पण हा माणूस श्वास घेत नाही.'

'यंत्र आहे, दादा.'

'तेच म्हणतो.'

झालं. परत ती घरात लागली नाही. अप्पाकाकाचा चेहरा पडलेला मला आठवतो. तो मुंबईला जाताना ती तबकडी माझ्या हाती देऊन गेला. 'तूं सांबाळ,' म्हणाला.

मी पंधरा वर्षांचा होतो. ती मी खरोखर ऐकत असे, दुपारी, आवाज बारीक करून. खोटं कशाला बोला, मला ती रागांसाठी आवडत नव्हती. त्या बुडबुड्यांसाठी आवडायची. आपण पाण्याखाली डोळे उघडे ठेवून बसलोय आणि वरून ऊन हलतंय, असं वाटायचं. शापोऱ्यात डुंबताना मी हे करून पाहिलेलं होतं, म्हणून उपमा सुचली.

मग भाषावादाची वर्षं आली. 1985 ते 87. त्याविषयी दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं गेलंय आणि मला त्यात भर घालायची नाही. 1986 च्या डिसेंबरात गोव्यात रक्त सांडलं, 1987 च्या 4 फेब्रुवारीला राजभाषेचा कायदा झाला, 30 मे रोजी राज्य झालं. आमच्या पेडण्यात मराठीचा जोर. बाबा मराठीचे मास्तर, त्यामुळे बैठका आमच्याच पडवीत. एका बैठकीला आलेल्या कुणीतरी कोपऱ्यातल्या पेटीतून लोर्नाची तबकडी उचलली, वेष्टन उजेडात धरलं आणि हसत म्हटलं, 'मास्तर, हे तुमच्या घरात?' चेष्टाच होती. पण पडवीभर लोक होते.

दुसऱ्या दिवशी पेटीचा मागचा कप्पा रिकामा. आजीनं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, 'व्हाळयल्यो.' म्हणजे नदीला दिल्या. आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, मग बोलली. आई ती आई. 87 च्या चतुर्थीला अप्पाकाका आला. पेटी पाहिली. काही विचारलं नाही. त्यानंतर तो दरवर्षी येईनासा झाला. कधी मुलाची परीक्षा, कधी रजा नाही. कारणं खरीही असतील.

माझी एलपी मात्र वाचली होती, कारण ती माझ्या खाटेखाली होती. आणि आता माझी गोष्ट.

1988 च्या थंडीत मी म्हापशाला कॉलेजात होतो. हणजूणचा बुधवारचा बाजार तेव्हा हिप्पींचा बाजार म्हणूनच ओळखला जाई. गोरे लोक परत जाण्यापूर्वी आपले कॅमेरे, कपडे, कॅसेटी विकून टाकत, आणि विकतही घेत. मला सहलीसाठी पैसे हवे होते. बाबांकडे मागायची सोय नव्हती. मी एलपी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेलो. एका दाढीवाल्यानं ती हातात घेतली, मागची अक्षरं वाचली, त्यात वाद्यांची नावं होती की काय कोण जाणे, पण त्याचा चेहरा बदलला. मी शंभर म्हणणार होतो, तोंडून दोनशे गेलं. त्यानं घासाघीस केली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढं एकदा अप्पाकाकानं विचारलं, 'ती रागांची आसा मरे?' मी सांगितलं, पावसात घर गळलं, भिजली, बुरशी आली, टाकली. तो म्हणाला, 'बरें.' 

नव्वदीत हणजूण, वागातोर, नंतर आमच्याच तालुक्यातलं हरमल, मोरजी, इकडे रात्ररात्र जे संगीत वाजू लागलं, ज्याला जग 'गोवा ट्रान्स' म्हणतं, ते मी पहिल्यांदा दुरून ऐकलं तेव्हा रस्त्यात स्कूटर थांबवली. तेच बुडबुडे! ठोका तोच, न थकणारा. हे मी कुठं ऐकलंय, ते मला ठाऊक होतं, पण सांगायचं कोणाला? आणि सांगितलं तर पुढचा प्रश्न आलाच असता.

2012 साली माझ्या मुलानं पुण्याहून आल्यावर फोनवर काहीतरी लावलं. म्हणाला, 'बाबा, हे ऐका, तुमच्या काळचं आहे, आणि तुम्हां लोकांना पत्ताच नाही.' भैरव. मी जेवत होतो, हात थांबला.

मग त्यानं सगळी हकीकत सांगितली. त्या तबकडीत वापरलेली यंत्रं जपानच्या रोलंड कंपनीची. त्यातलं एक, टीबी 303, गिटारवाल्याला घरी सराव करताना बासची साथ मिळावी म्हणून काढलेलं. ते फारसं खपलं नाही आणि 1984 मध्ये बंद झालं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं तेव्हा शिकागोच्या पोरांनी त्याच्या कळा भलत्याच फिरवल्या, आणि 1987 साली त्यातून 'ॲसिड' नावाचं नाचाचं संगीत निघालं. तेच फिरत फिरत आमच्या किनाऱ्याला लागलं. चरणजित सिंगांची तबकडी त्याच्या पाच वर्षं आधीची. त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे; शिकागोवाल्यांना ती गंमत वाटली, आपल्या माणसानं तिच्यात मींड पाहिली, एवढाच फरक. तबकडी मुळीच चालली नव्हती. एडो बाऊमन नावाच्या डच संग्राहकाला ती 2002 साली दिल्लीच्या एका दुकानात सापडली आणि 2010 मध्ये त्यानं ती पुन्हा छापली. सत्तरीतले सिंग मग युरोपात जाऊन तरुण पोरांपुढं वाजवून आले. 2015 साली ते मुंबईत वारले.

अशा कितीतरी तबकड्या आता शोधल्या जातात. सिगारेट कंपनीनं भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेतल्या बॅंडांच्या 1970 आणि 71 च्या दोन एलपी, आनंद शंकरांची सतार-गिटार, 'ॲटॉमिक फॉरेस्ट'. त्या वेळी पानवाल्यापेक्षा कमी लोकांना ठाऊक असलेली ही मंडळी आता लंडनच्या दुकानात काचेमागे ठेवतात. हे सगळं चांगलंच आहे असं मी म्हणणार नाही. त्यातलं काही साधारण आहे. दुर्मिळ म्हणजे थोर नव्हे, आणि संग्राहकाला ओरखडा नसलेली तबकडी गाण्यापेक्षा प्यारी असते. पण भैरव मी परत ऐकला तेव्हा तो साधारण वाटला नाही. आणि बाबांचं म्हणणंही खोटं वाटलं नाही. तो माणूस श्वास घेत नाही, हे खरंच आहे. त्यातच त्याची नशा आहे.

मुलाला मी काही बोललो नाही. 'त्या मूळ तबकडीला आता काय किंमत येते माहीत आहे का?' असं त्यानं विचारलं, तेव्हा मी ताक मागितलं.

बाबा 2003 सालीच गेले होते, आजी त्याआधी. 2019 च्या उन्हाळ्यात घराचे नळे उतरवून छप्पर नवं करायला घेतलं. माळ्यावर बाबांची पत्र्याची ट्रंक होती. त्यांच्या भजनाच्या वह्या तिच्यात आहेत, एवढंच आम्हांला ठाऊक. वाळवी लागली असेल म्हणून कोणी उघडली नव्हती. वह्यांच्या मागे मेणकापडाचं एक पुडकं होतं. आत 'गोमन्तक'चे जानेवारी 1987 चे कागद. त्यांच्या आत लोर्नाच्या चार तबकड्या. आडव्या टाकलेल्या नव्हत्या, उभ्या ठेवल्या होत्या, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून. आडव्या ठेवल्या तर वाकतात. मधून मधून कडुलिंबाची पानं, चुरा झालेली. प्रत्येकीच्या आतल्या कागदी पिशवीवर बाबांच्या वळणदार मास्तरी अक्षरात गाण्यांची नावं, देवनागरीत. 'बेबदो'च्या खाली पेन्सिलीनं सारेगमची एक ओळ. पेटीवर काढून पाहिलेली असणार. कधी, कोण जाणे. आम्ही कोणी ती त्यांच्या बोटांतून ऐकली नाही.

मी तसाच मोबाइल उचलला आणि अप्पाकाकाला चतुर्थीला यायलाच हवं म्हणून सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही.

फिएस्टाचं रबर दगड झालं होतं, मुलानं नवा प्लेअर आणला. तबकड्यांवर पांढरी बुरशी होती. रिठ्याचं पाणी करून, मधल्या लेबलावर थेंब न पडू देता, मऊ फडक्यानं गोल गोल पुसल्या, सावलीत वाळवल्या. एक वाकली होती, तीन धड. मुलाला या गाण्यांची माहिती माझ्याहून अधिक. लोर्ना वीसेक वर्षं गप्प होती आणि 1995 साली रॉनी मोन्सेरातच्या 'हॅलो लोर्ना'नं परतली, ख्रिस पेरी 2002 साली गेले, बार्डरॉय बार्रेटोनं ह्याच गाण्यांवर 2014 साली 'नाचूंया कुंपासार' चित्रपट काढला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. चित्रपट पाहून आलेल्या पेडण्याच्या पोरांना ही गाणी आता तोंडपाठ आहेत. ती त्यांची गाणी, असं कोणी म्हणत नाही.

अप्पाकाका चौऱ्याहत्तर वर्षांचा. काठी टेकत आला, माटोळीखाली खुर्चीवर बसला. मुलानं सुई ठेवली. आधी खरखर, मग ट्रम्पेट. काकानं कान पुढं केला. गाणं संपेपर्यंत बोलला नाही. मग पिशवी मागून घेतली. अक्षर पाहिलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पाहिलं. खालची सारेगमची ओळ बोटानं वाचली. 'गंधार चुकला दादा,' म्हणाला. एवढंच म्हणाला, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

त्या क्षणी मला राहवलं नाही.

'अप्पाकाका, ती रागांची रेकॉर्ड भिजूंक नासली. हांवें ती विकली.'

त्यानं माझ्याकडे पाहिलं. 'खंय?'

'हणजुणा. बुधवारच्या बाजारांत.'

'कितल्याक?'

'दोनशांक.'

मुलाच्या हातातून पुसायचं फडकं खाली पडलं. अप्पाकाका मात्र छताकडे पाहत हिशेब करीत बसला, कंपोझिटर खिळे मोजतो तसा.

'माका ती पंचेचाळीसांक पडल्ली,' म्हणाला. 'अर्दे माजे. काड.'

मला वाटलं चेष्टा करतोय. पण हात पुढंच होता. मी पाकिटातून शंभराची नोट काढून दिली. त्यानं ती घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली, वरून दोनदा थोपटली आणि मुलाला म्हणाला, 'आतां दुसरी बाजू लाय.'